शेपटीकडून मोजणारा माणूस

आमच्या ऑफिसात चहा आणणाऱ्या मावशी एकदा आमच्या काकांना म्हणाल्या, "काका, साखर संपलीय. आजच्या चहात साखर शून्य."

झालं! काकांनी कप तोंडाला लावला, डोळे मिटले, जीभ टाळ्याला लावून बराच वेळ बसून राहिले आणि म्हणाले, "शून्य नाहीये. कालचे कप नीट विसळले नव्हते तुम्ही." मावशींनी पुढे आठवडाभर त्यांच्या टेबलाकडे ढुंकूनसुद्धा पाहिलं नाही. काकांना कळेचना, एवढं रागवायला काय झालं.

पाठीमागे आम्ही त्यांना शेपूटकाका म्हणायचो. त्यांना ते ठाऊक होतं आणि, आता काय सांगू, आवडतही होतं.

आमचं ऑफिस वाशीला, घाऊक बाजाराच्या इतकं जवळ की आंब्याच्या दिवसांत फायलींनासुद्धा आंब्याचा वास यायचा. सात-आठ जण मिळून आम्ही संख्याशास्त्राचं एक सॉफ्टवेअर करायचो. औषधवाले, तळोज्याचे कारखानदार असं आमचं गिऱ्हाईक. हजारो गोळ्यांतल्या मूठभर तपासायच्या आणि त्यावरून सगळा माल पास की नापास ते ठरवायचं, त्यामागचं गणित आमचं सॉफ्टवेअर करणार. काका तिथले सगळ्यांत ज्येष्ठ. खिशाला चार पेनं, चारांतलं एकही चालेल तर शपथ.

मी नवीन असताना मला दुर्बुद्धी झाली आणि मी त्यांना विचारलं, "काका, हायपरजॉमेट्रिक म्हणजे नक्की काय हो?" त्यांनी उत्तर दिलं नाही. चपला घातल्या आणि मला थेट आंब्यांच्या गाळ्यात नेऊन उभं केलं.

"ही पेटी. यातले काही आंबे नासके आहेत. न बघता सहा उचल. सहांत दोन नासके निघायची शक्यता किती? उचललेला आंबा परत ठेवायचा नाही, म्हणजे दर आंब्यागणिक पेटी बदलत जाते. एवढंच आहे ते."

"एवढंच?"

"आणि एक. प्रत्येक आंब्याला तुझ्या हातात यायची सारखी संधी हवी. वरवरचे उचललेस तर सगळं गणित बोंबललं. पेटीवाला वर चांगले लावतो." असं म्हणून त्यांनी कोपरापर्यंत हात पेटीत घातला. गाळेवाला ओरडला, "ओ चाचा! लेना है तो लो, नहीं तो हाथ निकालो!" आम्हाला तिथून अक्षरशः हाकललं. मला मात्र विषय जन्मभरासाठी समजला.

समजायला सोपा, पण कॉम्प्युटरकडून बरोबर करून घ्यायला महाकठीण. सूत्रात फॅक्टोरियल असतात, म्हणजे एकापासून त्या आकड्यापर्यंतच्या सगळ्या आकड्यांचा गुणाकार. एकशे सत्तरच्या पुढचा फॅक्टोरियल कॉम्प्युटरच्या नेहमीच्या आकड्यात मावतच नाही. मग लोक लॉग घेतात, मोठाल्या लॉगांची वजाबाकी करतात आणि त्या भानगडीत शेवटचे आकडे गळून पडतात. त्यातून एखादी फारच दुर्मीळ गोष्ट असली, म्हणजे आलेखाच्या पार शेपटीतली, तर आमचं सॉफ्टवेअर तिची शक्यता सरळ मोजायचंच नाही. उरलेल्या सगळ्या शक्यतांची बेरीज करायचं आणि ती एकातून वजा करायचं. उत्तर यायचं शून्य. एकदा तर शून्याच्याही खाली गेलं. उणे शक्यता! त्या दिवशी काका जेवले नाहीत.

"एकातून वजा करू नका हो," ते आमच्या साहेबांना विनवायचे. "शेपूट मोजायचंय ना? मग शेपटीकडून मोजा."

साहेब वैतागून म्हणायचे, "काका, गिऱ्हाइकाला चार आकडे पुरतात. पंधरावं शून्य कोणाला बघायचंय?"

"शून्य दिसलं की माणूस विचार करायचं थांबतो, साहेब."

"थांबू दे की! घरी जाऊ दे त्याला!"

काकांनी स्वतःच्या लॅपटॉपवर स्वतःचा प्रोग्रॅम लिहून ठेवला होता. त्यात फॅक्टोरियलचं नाव नाही. एकदा गुणायचं, एकदा भागायचं, पुन्हा गुणायचं, पुन्हा भागायचं, म्हणजे आकडा फुगतही नाही आणि बुडतही नाही. बेरीज करताना सगळ्यांत लहान आकडे आधी घ्यायचे, कारण मोठ्या आकड्यात इवलासा आकडा टाकला की तो गडप होतो.

हे सगळं लॅपटॉपमध्ये राहिलं असतं तर ठीक होतं. काका जेवायचेसुद्धा तसेच. जिलबीचा एक घास, मिरचीचा एक घास. विचारलं तर, "काही फुगायला नको." साहेबांच्या मुलीच्या लग्नात तर कहर केला. पहिल्या पंगतीत व्याही मंडळी बसली होती, त्यांना उठवून काकांनी हॉलमधली सगळी चिल्लीपिल्ली बसवली. "लहान आधी! मोठे आधी बसले की लहान कुठे गेले ते कळत नाही!" व्याह्यांचे चेहरे बघण्यासारखे झाले होते. साहेब आडोशाला उभे राहून कपाळ बडवून घेत होते आणि पोरं खूश होऊन श्रीखंड ओरपत होती.

योगायोग असा की काका आणि मी करंजाड्याच्या एकाच सोसायटीत राहायचो. ते दुसऱ्या मजल्यावर, मी चौथ्या. ऑफिसला माझ्या छोट्या गाडीतून बरोबर जायचो. संध्याकाळी परतलं की खरी रड सुरू व्हायची. गाडी लावायला जागा नाही! सोसायटीच्या आवारात रोज उशिरा येणाऱ्याचा बळी. शेवटी ठरलं, चिठ्ठ्या टाकून पार्किंग कायमचं वाटून द्यायचं. घरं एकशे ऐंशी, दर घरामागे एक चिठ्ठी, आणि जागा ऐंशी.

आमचे चेअरमन मूळचे इथलेच. सोसायटी उभी आहे ती त्यांच्या आजोबांची भातशेती. त्या बदल्यात बिल्डरनं त्यांच्या भावकीला बारा फ्लॅट दिले, सगळे वरच्या मजल्यांवर. माणूस मोठ्या आवाजाचा. काकांशी त्यांचं हाडवैर. कारण काय, तर काका पहाटे गच्चीवर चपला फटफटवत आकडे पुटपुटत फिरायचे, आणि बरोबर खाली चेअरमनची झोपायची खोली. चेअरमननी गच्चीला कुलूप घातलं. काकांनी नोटीस बोर्डावर एवढं मोठं निषेधपत्र लावलं. तेव्हापासून बोलणं बंद. लिफ्टचं दार उघडलं आणि आत दुसरा दिसला की पहिला जिन्यानं जायचा.

सोडतीच्या दिवशी चेअरमननी घरचा तांब्याचा हंडा आणला. चिंच लावून लखलखीत केलेला. सेक्रेटरींनी त्यात चिठ्ठ्या टाकल्या. हे सेक्रेटरी बँकेतून रिटायर झालेले, अतिशय टापटिपीचे, चपलासुद्धा फूटपट्टी लावून ठेवतील असे. मग हंड्याला हळदीकुंकू झालं, वर नारळ ठेवला, सगळ्यांनी हात जोडले. चेअरमन म्हणाले, "देवाच्या साक्षीन होऊ दे." चिठ्ठ्या काढायला आठव्या मजल्यावरच्या आजी निवडल्या, कारण त्यांच्या घरात गाडी नाही आणि कोणाशी देणंघेणं नाही. आजींनी नारळ बाजूला केला आणि देवाचं नाव घेत एकेक चिठ्ठी काढली.

यादी लागली आणि सोसायटीत आग लागली. चेअरमनच्या भावकीतल्या बारांपैकी बारांना पार्किंग! सेक्रेटरींना नाही. मला नाही. काकांनाही नाही. काकांकडे गाडीच नव्हती म्हणा, पण "घेण्याची शक्यता आहे" हे ते आधीपासूनच सगळ्यांना सांगत होते.

व्हॉट्सअॅपवर जे चाललं ते इथे लिहिण्यासारखं नाही. चेअरमनची सून भाजी घ्यायला खाली उतरली की बायका बोलायच्या थांबत. मग खास सभा बोलावली गेली. सेक्रेटरींनी प्रोजेक्टर लावला आणि पडद्यावर जे उघडलं ते पाहून मी खुर्चीत खाली सरकले. आमच्याच सॉफ्टवेअरची फुकटातली आवृत्ती!

"एकशे ऐंशी घरं, ऐंशी जागा," सेक्रेटरी छडी आपटत म्हणाले. "एकाच कुटुंबाच्या बाराच्या बारा घरांना जागा मिळण्याची शक्यता बघा. शून्य दशांश शून्य शून्य शून्य शून्य. हे मी म्हणत नाही, विज्ञान म्हणतंय. ही गोष्ट अशक्य आहे. म्हणजेच लबाडी झालेली आहे. मी ठराव मांडतो की चेअरमनविरुद्ध पोलिसांत तक्रार करावी."

टाळ्या पडल्या. चेअरमन उठले. मी त्या माणसाचा आवाज कधी बारीक झालेला ऐकला नव्हता. "राजीनामा देतू मी," ते म्हणाले. "पन चोर नका बोलू. हितं माजा आजा भात लावाचा. त्याच जमिनीव मना चोर बोलताव? देवाचा हंडा आनला मी घरना." आणि खाली बसून त्यांनी टॉवेलनं तोंड पुसलं. मला फार वाईट वाटलं. पण पडद्यावर तर शून्य होतं! ठरावाला हात वर व्हायला लागले होते.

तेवढ्यात सगळ्यांत मागून आवाज आला. "शून्य नाहीये ते."

सगळ्यांनी माना वळवल्या. सेक्रेटरींना वाटलं, वैरी उठला म्हणजे आपल्याच बाजूनं. "बोला काका, बोला!"

"शून्य नाहीये. लहान आहे. किती लहान ते तुमच्या मशीनला कळत नाहीये."

"पण तुम्ही कोणाच्या बाजूनं बोलताय?"

"दशांशाच्या," काका म्हणाले. "चहा होईपर्यंत वेळ द्या मला. आणि ती यादी."

सोसायटीच्या ऑफिसात काकांनी आपला लॅपटॉप उघडला. मी शेजारी उभी. एकदा गुण, एकदा भाग, चाललं त्यांचं. "हे बघ. बाराच्या बारा. साधारण सत्तावीस हजारांत एकदा."

"काका, मग चोरीच की ही!"

"असेलही." ते शांतपणे म्हणाले, "पण मी चोर असतो तर माझ्या बारांची सोय करून गप्प बसलो असतो. उरलेल्या अडुसष्ट जागा कोणाला गेल्या? तिकडे कोणी बघितलंच नाही. शून्य दिसलं ना, थांबले सगळे."

मग त्यांनी विंगप्रमाणे पाहिलं. ए, बी, सी, सगळीकडे साधारण सारखंच. नावाच्या आद्याक्षराप्रमाणे पाहिलं. काही नाही. मग मजल्याप्रमाणे मांडलं आणि एकदम खुर्चीत ताठ झाले. इमारत पंधरा मजल्यांची. वरच्या पाच मजल्यांवर साठ घरं, आणि त्यातल्या बावन्नांना जागा मिळालेली! यादी विंगवार लागली होती, म्हणून हे कोणाच्या नजरेतच आलं नव्हतं.

काकांनी ते गणित घातलं. शेपटीकडून, लहान आधी. स्क्रीनवर दशांशचिन्हामागून शून्यांची रांगच लागली. पंधरा शून्यं आणि मग आकडा. मी हट्टानं तेच आमच्या सॉफ्टवेअरला विचारलं. त्याचं आपलं तेच, शून्य.

"तुझ्या सॉफ्टवेअरला ही दोन्ही शून्यं सारखीच," काका म्हणाले. त्यांचे डोळे मांजरासारखे चमकत होते. "पण बाई ग, हे दुसरं पहिल्यापेक्षा कितीतरी लहान आहे! म्हणजे घोळ नात्यात नाहीये. घोळ मजल्यात आहे."

"म्हणजे काय?"

"म्हणजे आंब्याची पेटी!" आणि चहा न घेताच ते सभेत पळाले.

सभेत त्यांनी आकडे सांगितलेच नाहीत. सेक्रेटरींसमोर उभे राहून गोड आवाजात विचारलं, "हंड्यात चिठ्ठ्या कोणी टाकल्या हो?"

"मी स्वतः," सेक्रेटरी छाती काढून म्हणाले. "अत्यंत शिस्तीत. पहिल्या मजल्यापासून पंधराव्यापर्यंत, एकेक मजला. एकही चिठ्ठी राहायला नको म्हणून."

"वा! आणि मग हंडा हलवला?"

"हलवला? अहो, पूजा झाली होती त्याची. वर नारळ होता. पुजलेला हंडा कसा हलवणार?"

"नाहीच हलवत," मागून दोन-तीन बायका एकदम म्हणाल्या.

काका आजींकडे वळले. "आजी, तुम्ही हात किती आत घालत होतात?"

"आत कुठला रे बाबा," आजी म्हणाल्या. "हंड्याचं तोंड एवढंसं, माझ्या बांगड्या अडकायच्या. वरवरच्याच काढल्या सगळ्या."

मग मी, माझ्या जिभेला हाड नाही, मोठ्यांदा म्हणाले, "म्हणजे खालच्या मजल्यांच्या चिठ्ठ्या तळाशी, वरच्यांच्या वर, आणि काढल्या वरच्याच!" आणि जो काही हशा उसळला म्हणता! सेक्रेटरी हसले नाहीत. त्यांच्या हातातली छडी अजून पडद्यावरच्या शून्याकडे रोखलेली होती. चेअरमनही हसले नाहीत, आणि रडलेही नाहीत. टॉवेल मांडीवर ठेवून नुसते काकांकडे बघत राहिले.

सोडत पुन्हा झाली. काकांनी सक्त ताकीद दिली, "पूजा नंतर." सगळ्या चिठ्ठ्या एका चादरीत ओतल्या, चार कोपरे चार जणांनी धरले, आणि काका सांगतील तोवर उडवत राहिले. काकांनी घाम फुटेस्तोवर उडवायला लावलं. सेक्रेटरींना मुद्दाम एका कोपऱ्याला उभं केलं होतं. मग काढल्या. भावकीतल्या काहींना मिळाली, काहींना नाही. खुद्द चेअरमनची चिठ्ठी आलीच नाही. सेक्रेटरींची नाही, माझीही नाही. काकांची आली! गाडी नसलेल्या माणसाची!

मी किती लाडीगोडी लावली. "काका, तुम्हाला काय करायचीय? मी लावते ना गाडी." ढिम्म! "घेण्याची शक्यता आहे," हेच पालुपद. गच्चीला कुलूप होतं, म्हणून ते पहाटे आपल्या पार्किंगच्या चौकोनातच चपला फटफटवत फिरायचे. या टोकाला गेले की वळायचे, त्या टोकाला गेले की वळायचे. मी गेटबाहेर जागा शोधत घिरट्या घालतेय आणि हे महाशय आत शतपावली घालतायत! असा राग यायचा की काय सांगू.

ऑफिसात मात्र चमत्कार झाला. सेक्रेटरींनी आमच्या कंपनीला खरमरीत मेल पाठवला, की तुमच्या सॉफ्टवेअरनं शून्य दाखवल्यामुळे भर सभेत माझी नाचक्की झाली. इतकी वर्षं काका जे विनवून सांगत होते ते साहेबांनी ऐकलं नाही, पण गिऱ्हाइकाची एक तक्रार आली आणि काकांचा प्रोग्रॅम सॉफ्टवेअरमध्ये आला. आता तिथे नुसतं शून्य येत नाही. किती लहान, ते येतं.

आणि एका सकाळी, मी गाडी काढायला उतरले होते तेव्हा, चेअरमन काकांच्या चौकोनापाशी आले. एका हातात पोपटीचं, म्हणजे जाळात भाजलेल्या वालाच्या शेंगांचं मडकं, केळीच्या पानानं झाकलेलं, आणि दुसऱ्या हातात एक किल्ली. मी गाडीच्या आडोशानं थांबले. हे कोण सोडणार!

"गच्चीची चावी," चेअरमन म्हणाले. "फिरा वर. पन चपला काडून."

काकांनी चावी घेतली. मडक्यातली एक वालाची शेंगही उचलून खाल्ली.

"काका, एक इचारू? सगली सोसायटी मना चोर बोलत व्हती, तवा तुमी उठलाव. तुमाला ठावूक व्हता ना, मी तसा नाय?"

आता कोणीही शहाणा माणूस 'हो' म्हणाला असता. काकांनी डोळे मिटले, जीभ टाळ्याला लावली. त्या बिनसाखरेच्या चहाच्या वेळी ते अगदी असेच बसले होते.

"तुम्ही चोर असण्याची शक्यता," काका म्हणाले, "शून्य नव्हती."

चेअरमनचा चेहरा पडला. मला वाटलं, पुढे होऊन काकांच्या तोंडावर हात ठेवावा.

"पण मी ती शेपटीकडून मोजली होती," काका म्हणाले. "यादी मागायच्या आधीच. इतकी लहान होती, की ती मोजायला माझा प्रोग्रॅमसुद्धा पुरला नसता."

चेअरमनना गणित कळलं असेल असं नाही. पण काकांच्या आवाजात काहीतरी होतं ते कळलं. त्यांनी मडकंच काकांच्या हातात ठेवलं. मग काका एकदम घाईघाईनं म्हणाले, "आता गच्ची मिळाली, मला हा चौकोन कशाला? तुमची गाडी लावा इथे. कमिटीला मी सांगतो."

मी इतके दिवस मागत होते तो चौकोन! पण चेअरमननी हात जोडले. "नको काका. माजी गाडी भाईरच बरी. गेटसमोर. येनाऱ्या-जानाऱ्याला दिसू दे."

अजूनही सकाळी मी निघते तेव्हा चेअरमन गेटबाहेर बदामाच्या झाडाखाली असतात. कावळ्यांनी रात्रभरात गाडीचं जे काय केलेलं असतं ते फडक्यानं पुसत असतात, अगदी सावकाश, सगळी सोसायटी कामाला बाहेर पडेपर्यंत. प्रत्येकाला हाक मारून बोलतात. आता त्यांची सून त्यांना तिथेच चहा आणून देते.